किसनरावांची डब्यातली भेदरं

वडनेरचे किसनराव कामडी वर्ध्याला मुलाच्या क्वार्टरमध्ये राहायला आले, ते काही हौसेने नव्हे. १९७८ च्या उन्हाळ्यात शेणखताने भरलेली बंडी उतारावर कलंडली आणि तिचं चाक त्यांच्या डाव्या गुडघ्यावरून गेलं. गावातल्या हाड बसवणाऱ्याने बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या. हाड जुळलं, पण गुडघा काही वाकेना. ढेकळांतून चालणं संपलं. बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकटा भाऊ नानाजी त्याच घरात राहत होता, पण त्याच्या बायकोने थोरल्या दिराचं किती करायचं? शेवटी मुलगा माधव आला आणि त्यांना घेऊन गेला.

माधव बांधकाम खात्यात कारकून होता. त्याचं क्वार्टर वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. जिना अरुंद आणि उभा. दोन माणसांनी धरून किसनरावांना वर चढवलं आणि मग महिन्यातून एकदा हॉस्पिटलला जाण्यापुरतेच ते खाली उतरू लागले. वर्षभर त्यांनी खिडकीतून पाण्याची टाकी आणि समोरच्या क्वार्टरचे वाळत घातलेले कपडे पाहिले. रेडिओवर शेतीचा कार्यक्रम लागला की ते तो बंद करायला सांगत. "त्याले काय समजते," म्हणत, आणि पुन्हा खिडकीशी जाऊन बसत.

सूनबाई सुमती नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. सकाळी स्वयंपाक, दिवसभर शाळा, संध्याकाळी वह्या. सासऱ्याचं ती नीट करत असे, पण दोघांत बोलणं कमीच. ती वर्ध्यातच वाढलेली. वावर तिने पाहिलं होतं ते एसटीच्या खिडकीतून.

गाव सोडताना किसनरावांनी एकच वस्तू आठवणीने आणली होती. धोतराच्या फडक्यात बांधलेली बियांची पुरचुंडी. त्यांच्या विहिरीजवळच्या तुकड्यात टमाटर व्हायचे. गावात त्यांना भेदरं म्हणत. चपटी, खाचाखाचांची, पातळ सालीची, चांगलीच आंबट. वांग्याच्या भाजीत दोन टाकली की दुसरं काही घालायला नको. किसनराव दरवर्षी चांगलं फळ निवडून, बी राखेत चोळून ठेवायचे. बाजारात आता गोल, जाड सालीचे टमाटर यायला लागले होते, आणि गावात हे बी दुसऱ्या कोणाकडे उरलं नव्हतं. त्या वर्षी, १९७९ च्या पावसाळ्यात, त्यांनी पुरचुंडी सोडून पाहिली. बी जुनं होत चाललं होतं. नानाजीला बोलावून द्यावं, तर नानाजी रोपाच्या बाबतीत आळशी. बी द्यायचं नाही, तयार रोपच द्यायचं, असं त्यांनी ठरवलं.

"सूनबाई, डालड्याचा डबा रिकामा झाला का?"

"झाला मामाजी. पण त्यात मला पोहे ठेवायचेत."

"मले पाह्यजे."

माधवने सायकलच्या कॅरिअरवर नाल्याकाठची माती आणून दिली. काळी कुळकुळीत. किसनरावांनी ती मुठीत दाबली, वास घेतला, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा सैल झाला. खालच्या मजल्यावरच्या कोकिळाबाईंची मुलगी बाळंतपणाला आलेली होती; त्यांच्याकडून दूधपावडरीचे रिकामे डबे मिळाले. आषाढी एकादशी झाल्यावर किसनरावांनी बी टाकलं. बी उगवलं. हिरवी दोन-दोन पानं डब्यात उभी राहिली. त्यांनी माधवला दोनदा बोलावून दाखवलं.

मग रोपं झोपायला लागली. आज दोन, उद्या पाच. मानेशी काळी पडून, दोरा तुटावा तशी आडवी. किसनराव पाणी घालत राहिले आणि रोपं मरत राहिली. शेवटी एक डबा उपडा केला, तर खाली चिखल आणि कुजका वास. गावात वाफा केला की पाणी आपोआप जमिनीत मुरायचं. डब्याला बूड असतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"तीस वर्स रोप लावलं म्या," ते माधवला म्हणाले. "तीस वर्स. अन् डब्यात मरून राह्यलं."

"जाऊ द्या ना बाबा. बाजारात मिळतात टमाटर."

किसनरावांनी तोंड फिरवलं. रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या वेळी त्यांनी डब्यांच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडली. मातीत रेती आणि दूधवाल्या प्रेमदासकडून मागवलेलं कुजकं शेणखत मिसळलं. नागपंचमीच्या सुमारास बी पडलं. पण त्याच आठवड्यात झड लागली. खिडकीतून पाऊस आत मारू लागला, म्हणून डबे स्वयंपाकघरातल्या फळीवर सरकवले. तिथे उजेड नव्हता. रोपं उंच व्हायला लागली, सुतासारखी बारीक, पांढुरकी, सगळी खिडकीकडे माना वळवून. त्यांच्या खोडाला हात लावला तरी ती वाकत.

शिवाय भोकांतून पाणी गळायचं. पाऊस उघडल्यावर डबे खिडकीत आले तसं ते मातकट पाणी भिंतीवरून खाली कोकिळाबाईंच्या दोरीवर. नातवाची धुतलेली दुपटी काळ्या ओघळांनी भरली. कोकिळाबाई जिना चढून वर आल्या.

"सुमतीबाई, तुमच्या सासऱ्याले सांगा. मी डबे देल्ले, तं माह्याच दुपट्यावर पाणी सोडून राह्यले."

सुमतीने माफी मागितली. मग डब्यांखाली ठेवायला ताटल्या दिल्या. मग जेवायला ताटल्या कमी पडू लागल्या. मग मुंग्या आल्या. सकाळच्या घाईत तिला ओट्यावर पोळपाट ठेवायला जागा सापडेना, कारण तिथे ऊन येतं म्हणून डबे मांडलेले. तिने भांडी जरा जोरात ठेवली.

एवढं करून ती सुतासारखी रोपंही एका दुपारच्या वाऱ्यात आडवी झाली आणि उठली नाहीत.

पुरचुंडीत आता शेवटचं बी उरलं होतं.

किसनरावांनी विचार केला, डबा खोल आहे म्हणून चुकतंय. पसरट काहीतरी पाहिजे. सुमती शाळेत गेलेली. काठी टेकत, ताठ पाय ओढत त्यांनी घरभर शोधलं. कपाटाच्या खालच्या फळीवर बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. झाकणावर तळ्याचं आणि नावेचं चित्र. आत रेशमाच्या लड्या, हिरव्या, गुलाबी, जांभळ्या. त्यांनी लड्या काढून वर्तमानपत्रावर ठेवल्या आणि डब्याच्या बुडाला बत्त्याने खिळा ठोकायला सुरुवात केली.

सुमती दारात आली तेव्हा निम्मी भोकं पाडून झाली होती. तिने पर्स खाली ठेवली. वर्तमानपत्रावरच्या लड्यांकडे पाहिलं, मग डब्याकडे.

"मामाजी, हे काय केलं तुम्ही?"

"पसरट डबा पाह्यजे होता व."

"तो माझ्या आईचा डबा आहे. तिचं भरतकामाचं सामान त्यात असायचं. ती गेल्यावर मी तेवढंच मागून आणलं."

"धागे ठेवले ना बाजूले. फेकले नाई."

"मला विचारलं का नाही? या घरात एक तरी वस्तू माझी म्हणून राहू देणार आहात का तुम्ही?"

"अन् माही कोणती हाय या घरात?" किसनराव एकदम म्हणाले. "सांग ना. खाट तुमची, खिडकी तुमची. मले खाली उतराले बी माणूस लागते. एक रोप करून राह्यलो, थे बी मरते."

सुमतीने डबा त्यांच्या हातातून घेतला. लड्या गोळा केल्या आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. संध्याकाळी माधव आला, तर घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. तो आधी वडिलांकडे गेला, मग बायकोकडे, आणि दोन्हीकडे त्याचं काही चाललं नाही.

हा अबोला गणपती उठेपर्यंत टिकला. मग एक दिवस सुमतीने शाळेतून सुतळीने बांधलेला गठ्ठा आणला आणि सासऱ्यांच्या खाटेशी ठेवला. खडूची रिकामी लाकडी खोकी होती. हलकी, पसरट, फळ्यांमध्ये बारीक फट असलेली.

"ही घ्या. मोठ्या बाईंना विचारून आणली आहेत. माझ्या डब्यांना आता हात लावायचा नाही."

किसनरावांनी एक खोकं उलटंपालटं करून पाहिलं. फटीत नख घालून पाहिलं.

"बरे हायेत," ते म्हणाले.

शेवटचं बी त्यांनी त्या खोक्यांत टाकलं. या वेळी त्यांनी एकेक गोष्ट स्वतःशीच भांडत केली. पाणी लोट्याने नाही, ओल्या फडक्याने शिंपडायचं. सकाळी खोकी स्वयंपाकघराच्या खिडकीत, दुपारनंतर पुढच्या खोलीच्या खिडकीत. एका हातात काठी, म्हणून एका वेळी एकच खोकं. ताठ पाय उंबऱ्याला अडकायचा आणि ते शिव्या घालायचे. उंबऱ्याला, पायाला, बंडीच्या चाकाला. एकदा सुमती पोळ्या लाटत असताना तिने वळून पाहिलं, तर सासरे खोक्यासमोर बसून वर्तमानपत्राने रोपांना वारा घालत होते.

"त्यांना उकडतंय का?" तिला विचारल्यावाचून राहवलं नाही.

"घरात वारा नाई. वाऱ्यानं हाललं का खोड जाड होते. मले हे आधी काऊन नाई सुचलं, थेच समजून नाई राह्यलं."

सुमती पुन्हा पोळी लाटू लागली. पण दुसऱ्या दिवसापासून शाळेत जाताना ती पुढची खिडकी सताड उघडी ठेवून जाऊ लागली.

रोपं या वेळी बुटकी आणि जांभळट खोडाची झाली. दसऱ्यानंतर त्यांना बाहेरच्या उन्हाची सवय व्हावी म्हणून खोकी जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर मांडायला सुरुवात झाली. किसनराव दारात खुर्ची टाकून राखण बसत. तिथेच एका दुपारी वांदरांची टोळी आली. गच्चीवरून दोन मोठी खाली उतरली. एकाने खोकं उचललं, रोपं उपटून हुंगली, फेकली. किसनराव ओरडले. वांदराने त्यांच्याकडे पाहिलं आणि दुसरं खोकं ओढलं. किसनरावांनी हातातली काठी फेकून मारली. वांदर निघून गेलं. काठी मात्र खडखडत जिन्याच्या तळाशी जाऊन पडली.

काठीशिवाय त्यांना उठता येत नव्हतं. समोर दोन पायऱ्यांखाली रोपं मुळं वर करून उन्हात पडलेली दिसत होती. हात पुरत नव्हता. त्यांनी हाका मारल्या. कोकिळाबाई बाजारात गेलेल्या. रोपांची पानं त्यांच्या डोळ्यांदेखत मऊ पडत गेली. ते खुर्चीच्या हातावर मूठ आपटत तसेच बसून राहिले.

सुमती आली तेव्हा ते तिच्यावरच ओरडले. "इतला उशीर कायले?"

"मला शाळा असते मामाजी," ती म्हणाली. मग तिने पायऱ्या पाहिल्या, खालून आणलेली काठी त्यांच्या हातात दिली आणि पर्स खांद्याला तशीच ठेवून खाली बसली. रोपं गोळा करून पदरात घेतली. "आता काय करायचं? सांगा लवकर."

"आधी पाण्यात ठेव. लोट्यात. मुळं बुडू दे, पान नको."

संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून ती पुन्हा लावली. निम्मी जगली. बाकीच्या खोक्यांतली धरून अजून दोन ओळी होतील एवढं रोप शिल्लक होतं.

दिवाळीच्या आधी रोप लावणीला आलं. माधवच्या ऑफिसात तपासणी चालू होती. तो म्हणाला, "पुढच्या रविवारी जाऊ."

"रोप म्हातारं होते तोवर. मी आज जातो."

"कसे जाता? एकटे?"

"मी नेते," सुमती आतून म्हणाली. माधव तिच्याकडे पाहत राहिला.

जिना किसनराव बसून उतरले, एकेका पायरीवर सरकत. खोकी सुमतीने भाजीच्या पिशव्यांत घालून नेली. हिंगणघाटच्या एसटीत गर्दी होती. खोकी कुठे ठेवायची? मांडीवर ठेवली, तर कंडक्टर म्हणाला, "बाई, सामान खाली." खाली ठेवली, तर लोकांचे पाय. शेवटी किसनरावांनी आपला ताठ पाय आडवा टाकून त्याच्या आडोशाला पिशव्या ठेवल्या. कोणी धडकलं की ते कळवळून ओरडत, आणि पाय दुखला म्हणून ओरडतात की रोपासाठी, हे सुमतीला कळत नव्हतं. हिंगणघाटला गाडी बदलली. वडनेरला उतरले तेव्हा सगळ्यांनीच माना टाकल्या होत्या, रोपांनीही.

स्टँडवरच्या एका पोराकडून निरोप गेला आणि नानाजी बंडी घेऊन आला. त्याने भावाच्या पाया पडून पिशव्यांत पाहिलं, आणि तो उगाच बैलांचं जू नीट करू लागला. वावराशी पोचल्यावर त्याचं कारण समजलं. विहिरीजवळच्या तुकड्यात हरभरा उगवून चार बोटं वर आला होता.

किसनराव बंडीतून उतरले नाहीत. "हे काय हाय?"

"हरभरा हाय भाऊ."

"थे मले दिसून राह्यलं. इथं भेदरं लागते दरसाल."

"भेदऱ्याले रोज पाणी पाह्यजे, तोडाले माणूस पाह्यजे. अन् आता बाजारात आपलं आंबट भेदरं कोणी घेत नाई. हरभऱ्याची कटकट नाई."

"मले इचारलं काऊन नाई?"

नानाजीने बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "तुमी तथी. पेरणी इथं. इचाराले वर्ध्याले येऊ का?"

आषाढापासून आश्विनापर्यंतचं सगळं त्या दोन पिशव्यांत होतं, आणि ठेवायला जागा नव्हती. किसनरावांनी तोंड फिरवून बाभळीकडे पाहिलं.

"मामाजी," सुमती म्हणाली, "हे पाणी जातं त्या दांडाच्या काठावर लावली तर?"

"दांडावर कोणी लावते का?"

"मला माहीत नाही. म्हणून विचारते आहे. नाहीतर परत घेऊन जाऊ."

दांड म्हणजे विहिरीतून हरभऱ्याला पाणी नेणारी कच्ची नाली. तिच्या दोन्ही बाजूंना हातभर ओली माती मोकळी होती. नानाजी म्हणाला, "लावा बापा, माही काई ना नाई." किसनरावांनी पिशवीतलं एक खोकं वर काढून रोपांच्या मुळाशी बोट घालून पाहिलं. मग म्हणाले, "खुरपं दे तिले."

सुमतीने पदर खोचला. किसनराव बंडीवर बसून सांगू लागले.

"खोल. अजून खोल. खालची दोन पानं तोड."

"तोडली."

"थे नाई, खालची. पाय नको देऊ तथी."

"मग पाय कुठे देऊ? हवेत?"

"इतलं जवळ नको. त्याले पसराले जागा लागते."

"मघाशी म्हणालात तेवढंच अंतर सोडलं आहे."

नानाजी हसू दाबत विहिरीकडे निघून गेला. उन्हं कलली तेव्हा दांडाच्या काठाने एक वेडीवाकडी ओळ उभी होती. सुमतीच्या तळव्याला फोड आला होता. किसनरावांनी ओळीकडे पाहिलं आणि "वाकडी झाली," एवढंच म्हटलं. परतीच्या गाडीत मात्र त्यांनी खिडकीची जागा तिला दिली.

त्यानंतर जवळपास तीन महिने गावाहून काही कळलं नाही. किसनराव दर बाजाराच्या दिवशी माधवला विचारत, कोणी वडनेरचं भेटलं का. कोणी भेटलं तर त्याला भेदऱ्याचं काही माहीत नसे. संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी नानाजी स्वतःच आला, खांद्यावर पिशवी टाकून. पिशवीत चपटी, खाचाखाचांची भेदरं होती. काही हिरवी, काही तडकलेली.

किसनरावांनी एक हातात घेऊन अंगठ्याने दाबून पाहिलं. "किती झाडं जगली?"

"अर्धी म्हणा. बाभळीखालची गेली, त्यांची पानं आखडून गुंडी झाली. इकडची जगली."

"पाणी वेळेवर देल्लं असतं तं सगळी जगली असती."

"पाणी हरभऱ्याले सोडतो थेच जाते त्यायले भाऊ. वेगळं कोण देईन?"

सुमतीने त्या दिवशी वांग्यात भेदरं टाकली. माधवने दोनदा भाजी घेतली. किसनराव मात्र प्रत्येक घासाला काहीतरी सांगत होते. साल जाड झाली, पाणी जास्त झालं, आंबटपणा पूर्वीसारखा नाही. पण पिशवीतली दोन चांगली फळं त्यांनी आधीच उशाशी काढून ठेवली होती, पिकायला.

जेवण झाल्यावर नानाजी सुपारी कातरत म्हणाला, "घरी पोराईले आवडलं. पुढच्या साली रोप टाकसान, तं जरा जास्त टाका."

"जास्त कुठं टाकू? डोक्यावर? खडूच्या खोक्यात मी वावर पिकवू का?" किसनरावांचा आवाज चढला. "तू विहिरीजवळच्या तीन ओळी मोकळ्या ठेव. तवा मी टाकतो."

"पाहू."

"पाहू म्हणजे काय? ठेवतो का नाई?"

"पाहू ना भाऊ. पेरणीच्या टायमाले पाहू."

नानाजीने चपला घातल्या. त्याची गाडी होती. किसनराव काठी टेकत दारापर्यंत गेले आणि जिना उतरणाऱ्या भावाच्या पाठीमागे पुन्हा पुन्हा विचारत राहिले, तीन ओळी, निदान दोन, आणि खालून पुन्हा पुन्हा तेच उत्तर येत राहिलं.